डाव्या खांद्याची रायफल

आमच्या रायफल क्लबच्या शस्त्रागारात तीन मेलेल्या रायफली पडून होत्या. तिन्ही पॉइंट टू टू, म्हणजे सगळ्यात लहान गोळीच्या, नवशिक्यांना शिकवायच्या. एकीचा लाकडी दस्ता चिरलेला, दुसरीचा प्रत्येक गोळीला मागे ओढायचा बोल्ट अडकलेला, तिसरीच्या नळीला आतून गंज. कमिटीने ठरवलं की तिन्ही पोलिसांकडे रीतसर जमा करून टाकायच्या. मी त्या मीटिंगला हजर होते, कारण चहा-बिस्किटांचं बायकांनी बघायचं असं आमच्या क्लबात अजूनही धरून चाललेलं असतं. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तिन्हींची मिळून एक होईल. डावखुऱ्या माणसासाठी. मला हवीय."

सेक्रेटरीसाहेब हसले. माणूस वाईट नाही. क्लब त्यांनीच उभा केलाय, रेंजवरच्या प्रत्येक खिळ्याची त्यांना काळजी. पण काळजी करणाऱ्या माणसांना वेगळं काही मागितलेलं खपत नाही, हे मी घरातही पाहिलंय आणि बाहेरही.

"मॅडम, बोल्ट उजवीकडेच राहणार. मग डावखुरी कशी होणार?"

"बोल्ट राहू दे उजवीकडे. मी हात वरून नेईन. मला दस्ता डाव्या खांद्याचा हवाय."

"इतकी वर्षं उजव्या खांद्यानेच मारताय ना? बरं चाललंय की."

बरं चाललंय की! ते ऐकून माझं डोकंच फिरलं. माझं बरं चाललंय की नाही हे ठरवायला मी सोडून सगळे कायम मोकळे असतात. मी तिथून हलले नाही. मीटिंगचे उरलेले विषय उभ्या उभ्या ऐकले. शेवटी चहा गार झाल्यावर त्यांनी अट घातली. सहा आठवड्यांनी क्लबची निवड चाचणी होती. त्या दिवशी ही रायफल तपासणीत पास झाली आणि मी तिच्यावर सहाशेपैकी पाचशे साठ गुण काढले, तर ती क्लबात राहील. नाही तर तिन्ही जमा, आणि हा विषय परत काढायचा नाही. त्याच चाचणीतून जिल्ह्याच्या सामन्यांसाठी चौघींचा संघ निवडला जायचा. मी सलग सात वर्षं पाचवी येत होते.

"ठीक आहे," मी म्हणाले आणि कप गोळा न करता निघून आले.

मी जन्मापासून डावरी. गिरगावात दोन खोल्यांच्या घरात वाढले, तिथे आई माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायची. मारायची नाही, ओरडायचीही नाही, नुसती काढायची आणि द्यायची, दिवसातून वीस वेळा. प्रसादाला डावा हात पुढे केला की गुरुजी वाटी मागे घ्यायचे. हळदीकुंकवाला मी कुंकवाचं बोट पुढे केलं की बायका मान मागे घेऊन म्हणायच्या, "अगं उलटे, तो हात!" शाळेत उलटी, मैत्रिणींत उलटी, लग्नानंतर सासरीही उलटी. सगळे प्रेमाने म्हणायचे, हाच मोठा त्रास. रागाने म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं.

कॉलेजात एनसीसीमध्ये पहिल्यांदा रायफल हातात आली, तेव्हा मी ती आपसूक डाव्या खांद्याला लावली. शिकवणाऱ्या हवालदारांनी येऊन ती उचलली आणि उजव्या खांद्याला टेकवली. "लाइन बिगड़ती है," एवढंच म्हणाले. माझा डावा डोळा काही मिटेना, म्हणून त्यांनी माझ्या टोपीखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा खोचला. तो पुठ्ठा पुढे तीस वर्षं माझ्या डोळ्यावर राहिला. पुठ्ठ्याच्या जागी प्लॅस्टिक आलं, एवढाच फरक.

आता मी भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. या कामात एक गोष्ट लवकर कळते. माणसाचे दोन डोळे सारखे नसतात, एक घरमालक असतो आणि दुसरा भाडेकरू. दोन्ही तळव्यांमध्ये लहानसं भोक ठेवून लांबचा दिवा बघायला सांगायचं, मग एकेक डोळा मिटायला लावायचा; ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो मालक. मी गिऱ्हाइकांना हे रोज करायला सांगते. एकदा दुपारी दुकान रिकामं होतं, म्हणून स्वतःवर करून पाहिलं. माझा मालक डावा निघाला. म्हणजे इतकी वर्षं मी मालकाला पुठ्ठ्याआड कोंडून भाडेकरूकडून नेम धरून घेत होते, आणि वर पाचवी आले म्हणून स्वतःलाच दोष देत होते. त्या दुपारी मला इतका राग आला की पुढच्या गिऱ्हाइकाचा नंबर मी दोनदा चुकवला.

तर रायफल. बंदुकीचं काम म्हणजे घरी मिक्सर उघडून बसणं नव्हे. नळी, बोल्ट, ट्रिगर यांना हात लावायचा हक्क फक्त आमच्या मिस्त्रींना. ते फौजेतून निवृत्त झालेले, परवाना असलेले कारागीर, आणि त्यांचं सगळं काम शस्त्रागारातच, रजिस्टरमध्ये नोंद करून. त्यांनी तिन्ही रायफली टेबलावर मांडल्या, एकेक उचलून आतबाहेर पाहिली आणि म्हणाले, "होईल ताई. हिची नळी, तिचा बोल्ट, हिचा दस्ता. पण दस्ता उजव्यांचा आहे, त्याचा गाल काढावा लागेल."

गाल म्हणजे दस्त्याला लावलेला लाकडाचा फुगीर तुकडा. नेम धरताना माणूस आपला गाल त्यावर टेकवतो, म्हणून त्यालाही गालच म्हणतात. तो नीट बसला की डोळा आपोआप नेमाच्या रेषेत येतो. नाही बसला तर मान अवघडते आणि बाकी सगळं फुकट. मिस्त्रींनी जुना गाल काढून मला दिला आणि म्हणाले, "लोखंडाचं मी बघतो. गालाचं तुम्ही बघा. तुमचा चेहरा तुम्हालाच माहीत."

मग मी कणीक मळली. चांगली घट्ट, पुऱ्यांना मळतात तशी. मिस्त्रींच्या समोर, मोकळ्या दस्त्याच्या दुसऱ्या अंगाला तिचा गोळा थापला, पालथी पडून त्यावर डावा गाल दाबला आणि हवा तो आकार येईपर्यंत काढत-लावत राहिले. तो गोळा डब्यात घालून घरी, इंद्रलोकच्या फ्लॅटमध्ये आणला. नवऱ्याने डबा उघडला आणि विचारलं, "हे काय, तोंडावर पडलीस का पिठात?" मी खरं ते सांगितलं. तो हसला, पण नंतर कागद, पेन्सिल आणि फूटपट्टी त्यानेच आणून दिली. सकाळपर्यंत कणकेला भेगा पडणार हे दिसत होतं, म्हणून तिचा आकार समोरून, बाजूने आणि वरून असा कागदावर उतरवून घेतला. आणि कागदाच्या वर, काय हवंय ते नीट कळावं म्हणून, ठळक अक्षरांत लिहिलं: उलटा.

'डावा' असं लिहिणार होते. पण डावखुरा माणूस गाल टेकवतो तो दस्त्याच्या उजव्या अंगाला. डावा म्हणावं तर गोंधळ, उजवा म्हणावं तर जास्तच गोंधळ. उलटा हा शब्द कसा सगळ्यांना कळणारा. मला जन्मभर कळलेला.

जवळच मीरा रोडला, हाटकेशमध्ये आमच्या दुकानाचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, कच्छकडचे गुजराती काका. त्यांचा लहानसा गाळा आहे आणि ते इमिटेशन दागिन्यांचे डाय बनवतात. डाय म्हणजे पोलादी छाप. त्यावर कमळ किंवा मोर कोरायचा आणि त्याखाली पत्रा दाबायचा. त्यांच्याकडे नक्षी उतरवून घ्यायचं मशीन आहे, आणि हात असा की मोराच्या डोळ्यातली बाहुलीसुद्धा सुटत नाही. मी कागद आणि सागवानाचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. सागवान आमच्या जुन्या पलंगाच्या पायाचं. "लकड़ी तो मक्खन है, बेन," काका म्हणाले. "शनिवारी घेऊन जा."

शनिवारी आणला तो गाल इतका सुंदर होता की मी तो रिक्षात मांडीवर घेऊन बसले. त्यावर हात फिरवायचं काही थांबेना. रविवारी रेंजवर मिस्त्रींनी तो दस्त्याला लावायला घेतला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला आणि माझ्याकडे वळले.

"ताई, हा उजव्यांचाच झालाय."

तो दस्त्याच्या जुन्याच बाजूला अगदी चपखल बसत होता. माझ्या बाजूला लावला तर फुगवटा खाली आणि उतार वर. तिकडे कोणी गाल ठेवला असता तर हाडाला लागलं असतं.

एवढ्यात सेक्रेटरीसाहेब आले. त्यांनी रायफल उचलली, उजव्या खांद्याला लावली, गाल टेकवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! काय बसलाय! मॅडम, हा आहे तसाच राहू द्या. नव्या मुलींना शिकवायला एक चांगली रायफल होईल. मग चाचणीची अटसुद्धा नको, कमिटीत मी बघतो. तुम्ही वाचवली असं मी सगळ्यांना सांगेन."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला ते बरं वाटलं. रायफल वाचत होती. माझं नाव होणार होतं. चाचणीला फक्त तीन आठवडे उरले होते, नवा गाल होईल का, झाला तरी सराव होईल का, काही ठाऊक नव्हतं. सेक्रेटरीसाहेब रायफल माझ्यापुढे धरून उभे होते, जणू बक्षीस देतायत.

"ही तुमची अजून एक उजवी रायफल झाली," मी म्हणाले. "तुमच्याकडे उजव्या आठ आहेत. माझी पहिली कुठे आहे?"

"मॅडम, हट्ट करताय तुम्ही."

"हो, करतेय," मी म्हणाले. "पन्नाशीला आले, एकदा तरी करू दे की."

सोमवारी दुकानातून लवकर निघून मी हाटकेशला गेले. तिथपर्यंत मनातल्या मनात काकांना इतकं सुनावलं होतं की गाळ्यात शिरले तेव्हा श्वास पुरत नव्हता. "काका, काय केलंत हे? उलटा झाला माझा गाल!"

काकांनी चष्मा वर सरकवला, खणातून माझा कागद काढला आणि वरच्या ठळक अक्षरांवर बोट ठेवलं.

"बेन, आपने ही लिखा है ना. उलटा."

"हो, मग? उलटाच हवा होता!"

"तर मी काय केला? कागजपर जो है, उसका उलटा." त्यांनी बाजूचा एक डाय माझ्या हातात दिला. त्यावर मोर डावीकडे बघत होता. शेजारी त्यातून निघालेलं पेंडंट होतं, त्यातला मोर उजवीकडे. "हमारे धंधे में सब उलटा बनता है. पण उलटा बोले तो पहले सीधा पक्का होना मांगता. आपका सीधा कौन-सा?"

मी कागद जवळ ओढून पाहिला. कागदावर काढलेला गाल अगदी बरोबर होता. माझ्या चेहऱ्यावरून, माझ्या कणकेवरून उतरवलेला, माझ्या मापाचा, माझ्या बाजूचा. तोच माझा सरळ होता. आणि त्याच्यावर मीच माझ्या हाताने, उजव्या हाताने, 'उलटा' लिहून ठेवलं होतं. इतकी माणसं मला जे म्हणत आली ते या वेळी कोणी म्हटलंही नव्हतं, माझं मीच म्हणून घेतलं होतं. काकांवरचा राग कुठल्या कुठे गेला आणि स्वतःची अशी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. काका गडबडले. "बेन, रोना नहीं, दुसरा बनवतो. लकड़ी है?"

लाकूड होतं, पलंगाचे चार पाय होते. मी त्यांच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि डाव्या हातात धरली. 'उलटा' खोडलं आणि खाली लिहिलं: आहे तसा. अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं वाकडंतिकडं आलं. काकांनी ते मोठ्याने वाचलं, मान हलवली आणि कागद मशीनच्या वर खिळ्याला लावला.

गुरुवारी दुसरा गाल मिळाला. मिस्त्रींनी तो बसवला, रायफल तपासली, आधी स्वतः दहा गोळ्या मारल्या आणि मगच माझ्या हातात दिली. मी चटईवर पालथी पडले. जॅकेटच्या डाव्या खांद्याला आदल्या दिवशी घरीच जाड कॅनव्हास शिवून घेतला होता. रायफल डाव्या खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि सवयीने डोळ्यावरचं प्लॅस्टिक खाली ओढायला हात वर गेला. काही झाकायची गरजच नव्हती. दोन्ही डोळे उघडे होते आणि पन्नास मीटरवरचा काळा गोल समोर नुसता उभा होता, सगळाच्या सगळा. किती तरी वेळ मी गोळी मारलीच नाही. मिस्त्रींनी विचारलं, "ताई, काही बिघडलं का?"

नेम वाईटच होता, हे सांगितलंच पाहिजे. डावा खांदा नवखा, उजव्या दंडाला रायफल तोलणाऱ्या पट्ट्याचा ताण सोसेना, प्रत्येक गोळीला बोल्टपर्यंत हात वरून न्यायचा म्हणजे अंग हलायचं. पहिल्या रविवारी पाचशे एकवीस, दुसऱ्या रविवारी पाचशे चव्वेचाळीस. क्लबातल्या बायका आता उघड म्हणायला लागल्या, "अगं, उजवीने तू पाचशे ऐंशीच्या आसपास मारतेस. कशाला स्वतःचं वाटोळं करून घेतेस?" मी प्रत्येकीला एकच उत्तर दिलं, "सरळ मारायला शिकतेय." कोणाला कळलं नाही. मला खुलासा करायचा नव्हता.

चाचणीच्या सकाळी सेक्रेटरीसाहेबांनी स्वतः रायफल तपासली. वजन, ट्रिगर, लांबी. चूक सापडावी अशी त्यांची इच्छा होती की नाही, सांगता येत नाही, पण सापडली नाही. मी साठ गोळ्या मारल्या, प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त दहा गुण. मधे एकदा बोल्ट ओढताना कोपर घसरलं आणि त्या गोळीला सातच गुण मिळाले. मी रायफल खाली ठेवून पाणी प्यायले आणि परत पडले. गुणांची बेरीज पाचशे त्रेसष्ट आली. मिस्त्रींनी सगळ्यांसमोर मला सलाम ठोकला, फौजेतला, कडक.

सेक्रेटरीसाहेबांनी रजिस्टर उघडलं, रायफल 'वापरात' अशी नोंद केली आणि सही केली. शब्दाला पक्के आहेत, ते मान्य करायला हवं. संघाच्या यादीत मात्र मी सातवी आले. ते अपेक्षितच होतं, तरी यादीत नाव शोधताना माझं बोट आधी पहिल्या चौघींवरूनच फिरलं.

जॅकेट काढत होते तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं. चौघींपैकी एकीची त्याच आठवड्यात परीक्षा होती आणि तिने माघार घेतली होती.

"मॅडम, जागा रिकामी आहे. पाचवी, सहावी नव्या आहेत, त्या घाबरतील. तुम्ही या. पण क्लबच्या नव्या रायफलने, उजव्या खांद्याने. ही तुमची रायफल राहिली ना? तुमचं म्हणणं खरं झालं. आता जिल्ह्याला नेहमीसारखं मारा. तुमचा सात वर्षांचा हिशेब पूर्ण होतोय."

ते मनापासून बोलत होते. खरंच मला द्यायला आले होते. सात वर्षं मी ज्या चार नावांत माझं नाव शोधत होते, तिथे ते लिहायला पेन उघडून उभे होते. आणि मला ते हवं होतं. नको होतं असं म्हणणं ढोंग होईल.

"नाही," मी म्हणाले. "पाचवीला घ्या. घाबरली तर घाबरू दे, शिकेल."

"विचार करा. पुढच्या वर्षी वय अजून वाढेल."

"वाढू दे. डाव्या खांद्याने जागा मिळाली तर येईन. नाही मिळाली तर नाही येणार."

घरी जाताना गोल्डन नेस्टच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मला रडू फुटलं. हेल्मेटच्या आत, मोठ्याने. शेजारचा रिक्षावाला वाकून बघायला लागला. "क्या देख रहे हो?" मी त्याच्यावर खेकसले. त्याने बिचाऱ्याने लगेच तोंड फिरवलं.

सामन्याच्या रविवारी संघ सकाळीच गाडीने गेला. मी रेंजवर गेले. मिस्त्रींनी शस्त्रागार उघडून रायफल दिली, माझी सही घेतली आणि बाकावर पेपर वाचत बसले. मी पालथी पडले, डावा गाल टेकवला, दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि पहिली गोळी सोडली. नऊ. उजव्या खांद्याने मी हजारो वेळा दहा मारले आहेत आणि त्या प्रत्येकानंतर कोणीतरी मला शाबास म्हटलंय. या नऊला बघायला कोणी नव्हतं, आणि तो मी मारला होता.